खेळाच्या आठवणींचे दप्तर

श्रोतेहो, आपल्याकडच्या बहुतेक जुन्या शाळांत मुख्याध्यापकांच्या खोलीत एक काचेचे कपाट असते. त्याची किल्ली सहसा जागेवर नसते. आत चार-दोन कप, एखादी लाकडी ढाल आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलेला एखादा सांघिक फोटो असतो. येणारा-जाणारा त्याच्याकडे बघतो आणि पुढे जातो. आज मला या कपाटाविषयी बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी गडचांदूरच्या बाजूला एका शाळेत इतिहासावर चार शब्द सांगायला मी गेलो होतो. कार्यक्रम संपल्यावर एक मुलगी मला त्या कपाटापाशी घेऊन गेली. आतला एक पितळी कप दाखवून म्हणाली, "सर, हा कोणी जिंकला होता?" कपाचा एक कान तुटलेला. पोटाला एक मोठा पोचा. अक्षरे कोरलेली होती खरी, पण पार पुसट झालेली. दर सव्वीस जानेवारीला चिंच आणि राख लावून कोणीतरी तो मनोभावे घासला होता. त्या घासण्यातच अक्षरे गेली. मी शिक्षकांना विचारले, शिक्षकांनी शिपाईमामांना विचारले. मामा म्हणाले, "मागं रंगकाम झालं तवा दोन पोती भंगारात गेली. हा एवढा राह्यला."

मग शाळेचे डेडस्टॉक रजिस्टर काढले. शिक्षक मंडळींना ते चांगले परिचयाचे आहे. त्यात नोंद होती : "कप, पितळी, नग १." बस्स, एवढेच. खुर्चीची नोंद जशी, बादलीची नोंद जशी, तशीच कपाची. वस्तू शाबूत होती, पण ती कोणाची, कशाबद्दल मिळाली, कोणत्या साली, हे काहीच नव्हते. मी इतिहासाचा प्राध्यापक; आणि एका तेरा वर्षांच्या मुलीच्या साध्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी मला जरा खजील व्हायला झाले.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे नाव आपण ऐकले आहे. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे असे बावीस खंड त्यांनी काढले. त्यासाठी हा माणूस गावोगाव पायपीट करीत हिंडला. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत, अडगळीत पडलेली दप्तरे त्याने धुंडाळली. घरच्या माणसांना ते कागद म्हणजे रद्दी वाटत होते. राजवाड्यांना त्यांत पानिपत दिसत होते. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते याच तळमळीतून.

परंतु राजवाड्यांच्या काळी काय, आणि आज काय, खेळाला इतिहासात जागा द्यायला आपण कचरतो. लढाई म्हणजे इतिहास, तह म्हणजे इतिहास. हुतुतूचा सामना म्हणजे काय, तर पोरांचा दंगा! असा आपला समज. त्यामुळे खेळाची साधने सगळ्यांत आधी नाहीशी होतात. लंगोट फाटतो, लेझीम गंजते, कप भंगारात जातो, आणि खेळाडू म्हातारा होऊन एके दिवशी निघून जातो.

तरी महाराष्ट्रात काही जाणत्या माणसांनी ही उणीव ओळखली होती. खेळ टिकवायचा तर तो लिहून ठेवला पाहिजे, हे त्यांना उमगले. मल्लखांबाचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे जीवन दिले, असे परंपरेने मानले जाते. ती विद्या गुरूच्या अंगातून शिष्याच्या अंगात, अशी चालत आली. गुरू गेला आणि शिष्य नसला, तर एखादी उडी कायमची गेली. पुढे छापखाने आले, संस्था आल्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली हुतुतूचे नियम छापून सामने भरवले. आमच्या विदर्भात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाडा काढला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. याच मंडळाचे पथक १९३६ साली, ऑलिंपिकच्या वेळी, बर्लिनला गेले आणि तिथल्या लोकांना त्याने आपले देशी खेळ करून दाखवले. त्यांत हुतुतूही होता.

आणि या सगळ्यावर कळस म्हणावा असे काम बडोद्याला झाले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 'व्यायाम ज्ञानकोश' संपादित केला. एक नव्हे, दोन नव्हे, दहा खंड! मल्लखांबावरची पकड कशी, कुस्तीतला पेच कसा, लाठीचा हात कसा, हे चित्रांसह दिले. मी त्याला महाराष्ट्राचे पहिले क्रीडा-संग्रहालय म्हणतो. ते कागदाचे होते, पण संग्रहालयच होते. नुसते कौतुक न करता वाचणाऱ्याला ती गोष्ट करता यावी इतकी नेमकी माहिती द्यायची, हा त्याचा बाणा होता. आजच्या विषयाच्या दृष्टीने हा बाणा आपण गाठीला बांधून ठेवू.

आता दुसरे उदाहरण. सातारा जिल्ह्यात कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी तिथे खाशाबा जाधवांचा जन्म झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. खाशाबा परत आले तेव्हा कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गाड्या किती, तर कोणी शंभर सांगतो, कोणी एकशे एक्कावन.

पुढची कथा मात्र मनाला लागणारी आहे. खाशाबा पोलीस खात्यात नोकरीला लागले आणि १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आणि २०१७ साली, गोळेश्वरला कुस्तीचे केंद्र व्हावे ही मागणी वर्षानुवर्षे रखडली म्हणून, ते पदक लिलावात काढण्याची तयारी घरच्या मंडळींनी जाहीर केली. श्रोतेहो, ज्या पदकासाठी एका प्राचार्याने घर गहाण टाकले, ते पदक विकायला काढण्याची पाळी घरावर यावी! देशातल्या पहिल्या पदकाची ही स्थिती, तर आमच्या शाळेतल्या कान तुटलेल्या कपाला कोण विचारतो?

साहजिकच कोणी म्हणेल, संग्रहालय बांधा. बांधावे, जरूर बांधावे. स्वित्झर्लंडमध्ये लोझान या गावी सरोवराकाठी ऑलिंपिकचे मोठे संग्रहालय आहे. ते १९९३ च्या जूनमध्ये उघडले. आपल्या पुण्यातही २०१२ पासून क्रिकेटचे एक खासगी संग्रहालय आहे. माजी क्रिकेटपटू रोहन पाटे यांनी खेळाडूंच्या बॅटी, हातमोजे, सदरे मोठ्या हौसेने जमवले आहेत. पण कोरपन्याच्या किंवा जिवतीच्या मुलाने पुण्याला जायचे कधी? आणि आपल्या गावच्या पाच-पंचवीस वस्तूंसाठी इमारत बांधायची कोणी? तिचे भाडे, तिचा रखवालदार, तिचे छप्पर, हे कोण सांभाळणार?

इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. लोझान ज्या सरोवराच्या काठी वसले आहे, त्याच सरोवराच्या दुसऱ्या टोकाला जिनीव्हा शहर आहे. तिथल्या सर्न या विज्ञानसंस्थेत टिम बर्नर्स-ली या तरुण शास्त्रज्ञाने १९८९ साली एक कल्पना मांडली. जगभरचे संगणक तारांनी जोडलेले आहेतच; त्यांवरची पाने एकमेकांना अशी जोडावी की, एका पानावरच्या शब्दाला बोट लावले की दुसरे पान उघडावे. यालाच आपण वेब म्हणतो. १९९३ च्या एप्रिलमध्ये त्या संस्थेने ही विद्या सगळ्या जगाला मोफत देऊन टाकली. म्हणजे ज्या वर्षी सरोवराच्या एका काठी कोट्यवधींची इमारत उघडली, त्याच वर्षी दुसऱ्या टोकाला बिनभिंतींचे संग्रहालय मांडण्याची सोय सर्वांना फुकट मिळाली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. आज ते आपल्या सदऱ्याच्या खिशात आहे.

तेव्हा लहान संग्रहाने वेबसाइट करावी, हे ओघानेच आले. पण ती करावी कशी? गल्लत होते ती इथेच. कोणी म्हणतो, वर झेंडा फडकता हवा; कोणी म्हणतो, संगीत वाजले पाहिजे; कोणाला अध्यक्षांचा हसरा फोटो पहिल्या पानावर हवा असतो. अहो, हे म्हणजे धान्य नाही आणि कणगीला रंग! माझे सांगणे एवढेच आहे की, वेबसाइट ही मुळात एक नोंदवही आहे. फरक इतकाच की, ती कपाटात बंद नाही. सगळ्यांसमोर उघडी आहे. नोंदवही पक्की, तर वेबसाइट पक्की.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी साधी दोनशे पानी वही घ्यावी. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्यावा. तो क्रमांक त्या वस्तूचा कायमचा. वस्तू हरवली तरी तो दुसरीला द्यायचा नाही. मग लिहावे : वस्तू काय आहे, कशाची आहे, उंची-रुंदी किती, कोणत्या खेळाची, कोणत्या सालची, कोणाकडून मिळाली, तिच्यावर काय कोरले आहे. आणि शेवटी दोन रकाने, जे डेडस्टॉक रजिस्टरात कधीच नसतात : तिच्याविषयी काय सांगितले जाते, आणि ते कोणी, कधी सांगितले. या दोन रकान्यांतच खरा इतिहास आहे.

'कागदावर आहे' आणि 'सांगतात' यांत भेद ठेवणे फार अगत्याचे. खाशाबा १९५२ साली तिसरे आले, हे निकालात छापलेले आहे. बैलगाड्या किती होत्या, हे लोकांच्या तोंडी आहे. दोन्ही लिहावे, पण वेगवेगळे लिहावे. शंभर आणि एकशे एक्कावन या दोन्ही संख्या द्याव्या. आपल्याला बरी वाटेल ती निवडून दुसरी पुसू नये. लोकांनी मिरवणूक मोठी करून सांगितली असली, तर त्यातही त्यांचा आनंद नोंदला गेलेला आहे.

आता फोटो. कप चकचकीत असतो. त्याच्यावर फ्लॅश मारू नये. उजेड उलटून येतो आणि मधोमध नुसता पांढरा डाग दिसतो. सकाळच्या वेळी व्हरांड्यात, मागे साधे मळकट कापड धरून फोटो घ्यावा. शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. चारही बाजूंनी घ्यावा, बुडाचाही घ्यावा. आणि अक्षरे पुसट असतील तर एक युक्ती सांगतो. खोलीत अंधार करून एका बाजूने, अगदी तिरपा, बॅटरीचा झोत टाकावा. उथळ रेघांतही सावली साचते आणि अक्षरे उठून दिसतात. कप घासून लखलखीत करण्याचा मोह मात्र आवरावा. काळवंडलेपण हेही त्या वस्तूचे वय आहे.

मजकूर मराठीतच असावा, आणि तो युनिकोडमध्ये असावा. हा शब्द जरा परका वाटेल, पण गोष्ट सोपी आहे. पूर्वी मराठी पानांसाठी निरनिराळे फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट आपल्या संगणकात नसला की अक्षरांच्या जागी नुसत्या चित्रविचित्र खुणा दिसत. कितीतरी मराठी मजकूर असा वाचता येईनासा झाला. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक जगभर एकच ठरलेला आहे. देवनागरी त्यात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्यात लिहिलेले कोणत्याही मोबाइलवर वाचता येते आणि शोधताही येते. आमच्या भागात तर गोंडी आहे, कोलामी आहे, तेलुगू आहे. ज्या आजोबांना मराठी अवघड जाते, त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, आणि खाली मराठीत सार द्यावे.

पाने हलकी असावीत, हेही विसरू नये. जिवतीच्या पहाडावर मोबाइलला रेंज मिळणे कठीण. फोटो जड असले तर पान उघडता उघडता माणूस कंटाळतो. म्हणून वेबसाइटवर फोटोची छोटी प्रत ठेवावी, मूळ मोठी प्रत वेगळी जपावी. मजकूर आधी दिसावा, फोटो मागून आले तरी चालेल. आणि फोटोतल्या माणसांची, विशेषतः मुलामुलींची, परवानगी घ्यावी. आपल्या कायद्याने छायाचित्राचा हक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, तेव्हा फोटो काढणाऱ्याची संमती आणि त्याचे नावही असू द्यावे.

आता शोधण्याची सोय. हा भाग वरवर तांत्रिक वाटतो, पण आमच्या भागात तो निखळ इतिहासाचा प्रश्न आहे. वेबसाइटवर शोधणारा माणूस काय लिहील? गावाचे नाव, खेळाचे नाव, साल, जिल्हा. ठीक. पण कोणता जिल्हा? आजचा कोरपना तालुका पूर्वी राजुरा तालुक्यातच होता. आणि राजुरा होता निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात. १९४८ साली संस्थान भारतात आले, तरी जिल्हा तोच राहिला. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये झाली तेव्हा राजुरा मुंबई राज्यात आला आणि नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १९५९ साली तो चांदा जिल्ह्यात आला. १९६४ साली चांद्याचे नाव चंद्रपूर झाले. आणि १९८२ साली याच जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला.

म्हणजे गाव जागचे हलले नाही, पण त्याचा पत्ता पाच वेळा बदलला असू शकतो! निजामी अमदानीतला एखादा कागद उर्दूत असेल. त्यानंतरचा नांदेडचा शिक्का घेऊन येईल. अहेरीच्या एखाद्या खेळाडूचे १९७५ चे प्रशस्तिपत्र चंद्रपूर जिल्ह्याचे असेल. तेव्हा वेबसाइटची मांडणी करताना जिल्ह्याचे दोन रकाने हवेत : वस्तूवर आहे तो, आणि आजचा. पैकी एकही गाळला तर आपलीच माणसे आपल्याला सापडणार नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. त्या पितळी कपाकडे मी पुन्हा गेलो. त्याच मुलीने बॅटरी तिरपी धरली आणि मी वाचत गेलो. साल गेलेच होते. विजेत्यांचे नावही गेले होते. 'हुतुतू' एवढे लागले, आणि तळाशी, कडेला, 'जि. नांदेड'. ती म्हणाली, "सर, हा कप नांदेडचा आहे? मग इथं कसा?" मी म्हणालो, "नाही ग पोरी, कप इथलाच आहे. त्या वेळी आपणच नांदेडचे होतो." राजुरा नांदेडात होता तो १९५६ ते १९५९ एवढाच काळ. कपावरचे साल पुसले होते, पण जिल्ह्याने साल सांगितले. डेडस्टॉक रजिस्टरातला 'नग १' एकदम साठ-पासष्ट वर्षांचा झाला.

आता जवळच्याच काळातली गोष्ट सांगतो. आपल्या सगळ्यांना ती ठाऊक आहे, पण ती टिपली गेली आहे काय, हे आपण स्वतःला विचारावे. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमधली आदिवासी मुले एव्हरेस्टवर गेली. 'मिशन शौर्य' असे त्या मोहिमेचे नाव होते. ऑगस्ट २०१७ पासून वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह असे प्रशिक्षण झाले. मनीषा धुर्वे, परमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम या पाच जणांनी जगातले सर्वांत उंच शिखर गाठले. आठ हजार आठशे अठ्ठेचाळीस मीटर! ज्यांच्या घरामागची टेकडी हीच काय ती उंची, त्या पोरांनी हे केले. प्रधानमंत्र्यांनी त्याच महिन्यात रेडिओवरून त्यांची नावे घेतली.

उद्या आपण या मोहिमेचे पान तयार करू तेव्हा त्यावर किती नावे लिहायची? पाच? मोहिमेवर गेले होते दहा विद्यार्थी. बाकीच्या पाच जणांनीही तेच प्रशिक्षण घेतले, तीच थंडी सोसली, घरापासून तितकेच दूर राहिले. डोंगराने त्यांना थोडे अलीकडे थांबवले. इतिहास लिहिणाऱ्याने त्यांना तिथे सोडून येऊ नये. कप जिंकणाऱ्याची नोंद कपावर असते. हरणाऱ्याची, राखीव गड्याची, शिकवणाऱ्याची, डबा बांधून देणाऱ्या आईची नोंद कुठेच नसते. ती ठेवायला वेबसाइटवर जागा कमी पडत नाही. पितळेवर अक्षरामागे पैसे पडतात. इथे दहा नावे लिहिली काय आणि शंभर लिहिली काय, खर्च तोच.

तीच गोष्ट आमच्या देशी खेळांची. शंकरपट घ्या. न्यायालयाच्या आदेशाने २०१४ साली तो बंद झाला, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा सुरू झाला आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. त्याच्या बाजूने बोलणारे आहेत, विरोधात बोलणारेही आहेत. संग्रहाने दोघांचेही म्हणणे टिपावे. खो-खो घ्या. पुण्यात १९१४ च्या सुमारास नियम बांधलेल्या या खेळाचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाला आणि भारताच्या पुरुष व महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. ही जवळजवळ एकशेदहा वर्षांची मधली वाट कोणी चालली? हजारो गावांतली, नाव नसलेली पोरे-पोरी. त्यांतली काही आपल्याही गावची असतील.

शेवटी एक सावधगिरीची सूचना. वेबसाइट एकदा केली म्हणजे झाली, असे समजू नये. ती शेतासारखी आहे, निंदण-खुरपण लागते. तिच्या नावाचे शुल्क वेळच्या वेळी भरावे लागते. चुकले की पान बंद. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी जगातल्या लक्षावधी लोकांनी हौसेने आपली पाने मांडली होती. २००९ साली ते ठिकाणच बंद झाले. इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ साली निघालेली संस्था अशा पानांच्या प्रती जपते, तिने त्यांतली पुष्कळ वाचवली; सगळी नाही. म्हणून सगळ्या नोंदींच्या तीन प्रती ठेवाव्या : एक वेबसाइटवर, एक शाळेच्या संगणकात, आणि एक गावातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी घरी. आणि ती दोनशे पानी वही? ती तर कधीच टाकू नये. वीज नसली तरी ती उघडते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम मोठ्या निधीचे नाही. एक कपाट, एक वही, एक मोबाइल आणि चार उत्साही मुले पुरेत. येत्या शनिवारी किल्ली शोधा. पण कपाट उघडण्याआधी गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या खेळाडूकडे जा. कपाट वर्षभर थांबेल. तो थांबेलच असे नाही.

आम्हीही असेच एका आजोबांकडे गेलो. ऐंशी ओलांडलेले, दिसते कमी, पण आवाज खणखणीत. कप हातात दिला. त्यांनी बोटांनी चाचपला, पोच्यावर अंगठा फिरवला आणि हसले. म्हणाले, "गाडीवरून पडला होता बाप्पा, नाल्यात. बैल बुजले ना! आमी रात्री कंदील घेऊन हुडकला." मग सात गड्यांची नावे सांगू लागले. पाच सांगितली. सहावे ओठांवर येईना. बराच वेळ डोळे मिटून बसले, मग मान हलवली.

आम्ही वहीत पाच नावे लिहिली आणि खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या. वेबसाइट होईल तेव्हा त्या तशाच कोऱ्या दाखवायच्या, असे मुलांनी ठरवले आहे. कोणाच्या तरी आजोबांचे नाव तिथे यायचे आहे. ते ज्याला ठाऊक असेल, त्याने कळवावे.